प्रो कबड्डी लीगमधील विभागरचना व वेळापत्रक

प्रो कबड्डी लीग या भारतातील व्यावसायिक कबड्डी स्पर्धेत संघांची विभागणी, प्रत्येक संघाच्या सामन्यांची संख्या आणि यजमान शहरांची निवड २०१४ पासून अनेकदा बदलण्यात आली आहे. ८ संघांची एकच गुणतालिका, त्यानंतर १२ संघांचे दोन विभाग, पुन्हा एकच गुणतालिका आणि अखेरीस कमी सामन्यांची साखळी, असे या बदलांचे मुख्य टप्पे आहेत. कोणता संघ कोणाशी किती वेळा खेळतो आणि घरच्या प्रेक्षकांसमोर किती खेळतो, हे या रचनेवरून ठरते. यू मुम्बा (मुंबई) व पुणेरी पलटण (पुणे) हे महाराष्ट्रातील दोन संघ पहिल्या हंगामापासून स्पर्धेत आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईत लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या परिसरातील मंडळांनी कबड्डीची परंपरा जोपासली. स्थानिक स्पर्धा बहुधा एकाच मैदानावर सलग काही संध्याकाळी भरत. आरंभी गटवार साखळी आणि पुढे बाद फेरी, अशी त्यांची सर्वसाधारण पद्धत होती. सर्व संघ एकाच ठिकाणी जमत असल्यामुळे प्रवास, विश्रांतीचे दिवस किंवा घरचे मैदान हे प्रश्न तेथे फारसे उद्भवत नसत. शहरांच्या नावाने संघ उभे राहिल्यावर आणि दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण हा स्पर्धेचा आधार झाल्यावर हे प्रश्न महत्त्वाचे ठरले.

आरंभीची रचना (२०१४ ते २०१६)

पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआयच्या बंदिस्त क्रीडागृहात सुरू झाला. ८ संघांपैकी प्रत्येक संघ उरलेल्या ७ संघांशी दोनदा खेळे. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला १४ आणि साखळीत एकूण ५६ सामने येत. विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला १ गुण मिळे. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात.

सामने फिरत्या पद्धतीने होत. संपूर्ण लीग एका शहरात काही दिवस मुक्काम करी, त्या काळात यजमान संघ जवळजवळ रोज खेळे आणि नंतर सर्व संघ पुढच्या शहरात जात. एकाच ठिकाणी मॅट, दिवे व प्रक्षेपणाची यंत्रणा उभारून अनेक सामने घेता येणे हा या पद्धतीचा लाभ होता. मात्र घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा आणि सलग सामन्यांचा थकवा यजमान संघाच्या वाट्याला एकाच वेळी येई. २३ ऑगस्ट २०१५ रोजी यू मुम्बाने बेंगळुरू बुल्सचा ३६–३० असा पराभव करून दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद मुंबईतच मिळवले. २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन हंगाम खेळवण्यात आले.

दोन विभाग (२०१७ व २०१८–१९)

पाचव्या हंगामात गुजरात, हरयाणा, उत्तर प्रदेश व तमिळनाडू येथील चार नवे संघ आल्याने संघसंख्या १२ झाली आणि त्यांचे दोन विभाग करण्यात आले.

विभाग अ: यू मुम्बा, पुणेरी पलटण, गुजरात फॉर्च्युनजायंट्स, जयपूर पिंक पँथर्स, दबंग दिल्ली, हरयाणा स्टीलर्स.

विभाग ब: पाटणा पायरेट्स, बेंगाल वॉरियर्स, यूपी योद्धा, तेलुगू टायटन्स, बेंगळुरू बुल्स, तमिळ थलैवाज.

ही विभागणी ढोबळमानाने भौगोलिक होती. पश्चिम व उत्तरेकडील बहुतेक संघ पहिल्या विभागात, तर पूर्व व दक्षिणेकडील दुसऱ्या विभागात होते. प्रत्येक संघ स्वतःच्या विभागातील पाच संघांशी तीनदा (१५ सामने) आणि दुसऱ्या विभागातील संघांशी एकूण ७ सामने खेळे. दोन्ही विभागांतील पहिले तीन संघ पुढे जात. साखळीतील १३२ आणि पुढील ६ असे मिळून १३८ सामने होत.

विभागरचनेमुळे मुंबई आणि पुणे यांच्यात साखळीतच तीन लढती निश्चित झाल्या. मात्र विभागातील चुरस सारखी नसेल, तर चौथ्या क्रमांकाच्या संघाला अधिक गुण असूनही बाहेर पडावे लागण्याची शक्यता या रचनेत अंतर्भूत होती. सहाव्या हंगामाचा आरंभ जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला.

एकच गुणतालिका (२०१९ ते २०२४)

सातव्या हंगामात विभाग रद्द झाले आणि प्रत्येक संघ उरलेल्या ११ संघांशी दोनदा खेळू लागला. प्रत्येक संघाचे २२ आणि साखळीचे १३२ सामने हे आकडे पूर्वीइतकेच राहिले. बदलले ते केवळ प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण. मुंबई–पुणे लढती तीनवरून दोनवर आल्या, परंतु सर्व संघांची कसोटी समान झाली. पहिल्या सहा संघांना बाद फेरीत स्थान आणि त्यांतील पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश, अशी व्यवस्था करण्यात आली.

बारावा हंगाम (२०२५)

बाराव्या हंगामात प्रत्येक संघाचे सामने २२ वरून १८ आणि साखळीतील एकूण सामने १०८ झाले. पहिले आठ संघ पुढील टप्प्यास पात्र ठरू लागले. ११ प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी दोनदा खेळण्यासाठी २२ सामने लागत असल्याने १८ सामन्यांत सर्वांशी समान वेळा खेळणे शक्य नाही. त्यामुळे २०१९ मध्ये मिटलेला असमान प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न विभाग नसतानाही पुन्हा निर्माण झाला.

यजमान शहरे

संघाचे नाव आणि त्याच्या सामन्यांचे ठिकाण यांचा संबंध सदैव टिकला नाही. २०१७ मध्ये बेंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपुरात, तर पुढील हंगामात पुण्यात झाले. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये स्पर्धा झाली नाही आणि आठवा हंगाम (२०२१–२२) बेंगळुरू येथे एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना पार पडला. नवव्या हंगामाची साखळी बेंगळुरू, पुणे व हैदराबाद येथे झाली आणि अंतिम सामना मुंबईत खेळवला गेला. दहाव्या हंगामात १२ शहरांची फिरती पद्धत परतली. पुणेरी पलटणने त्या हंगामात हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून पहिले विजेतेपद पटकावले. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा व पुणे या तीन ठिकाणी, तर बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई व दिल्ली या चार शहरांत झाला. परिणामी यू मुम्बाला सलग दोन हंगाम मुंबईत एकही सामना खेळता आला नाही. बाराव्या हंगामात महाराष्ट्रात एकही सामना झाला नाही. त्याच हंगामात पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोहोचून दबंग दिल्लीकडून २८–३१ अशी पराभूत झाली.

अन्य लीगशी तुलना

इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२२ पासून १० संघ असून प्रत्येक संघ १४ साखळी सामने खेळतो. पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदा. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या बर्फावरील हॉकीच्या स्पर्धेने प्रवास कमी करण्याच्या दृष्टीने २०१३ मध्ये विभागांची फेररचना केली. २०२०–२१ मध्ये सीमा बंद असल्याने कॅनडातील सातही संघांचा एक तात्पुरता विभाग करण्यात आला. मात्र या हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाचे निम्मे साखळी सामने सामान्यतः घरच्या मैदानावर होतात. प्रो कबड्डीत अलीकडच्या हंगामांत निवडक शहरांतच सामने होत असल्याने अनेक संघांना ही संधी मिळत नाही.