घरची बोली आणि शाळेची भाषा

निजामी राज्यांतील मराठी मुलांवर दोन भाषांचें ओझें पडलें, असें आपण सहज म्हणून जातों. वास्तविक औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, एका तोंडीं दोन भाषा नांदण्याची चाल फार जुनी आहे. अठराव्या शतकांत येथील अमृतरायांनीं कटाव रचले ते मराठींत आणि हिंदुस्थानींतही. सिराज औरंगाबादीची गझल त्याच शतकांतली. माजघरांत मराठी व गल्लींत दखनी बोलतांना लहान मुलाला कांहींच अवघड वाटत नसे.

अडचण उत्पन्न झाली ती शाळेंत. १८८० नंतरच्या दशकांत फारसीच्या जागीं उर्दू ही कचेऱ्यांची व न्यायालयांची भाषा झाली, आणि १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. देशी भाषेंतून विद्यापीठाचें शिक्षण द्यावयाचें, हें धैर्य त्या काळीं थोडें नव्हे. दोनच वर्षें आधीं, १९१६ मध्यें, कर्व्यांनीं पुण्यास महिला विद्यापीठांत मराठीचा मार्ग धरला होता; दोघांचें तत्त्व एकच. मात्र मुलाला स्वतःच्या भाषेंत ज्ञान मिळावें हें तत्त्व हैदराबादेस मराठी, तेलुगु व कानडी मुलांपाशीं येऊन थांबलें. ज्यांच्यासाठीं उर्दू घरची नव्हती, त्यांना ती इंग्रजीइतकीच परकी होती.

म्हणून मूल मराठी विसरलें, असें मात्र झालें नाहीं. आईशीं, देवाशीं, शेतावरच्या गड्याशीं तें मराठींतच बोलत राहिलें. पण प्राथमिक वर्गांपुढें गणित, भूगोल, कायदा यांचे शब्द त्याला उर्दूंतून मिळाले, आणि त्या विषयांवर बोलावयाचा प्रसंग आला कीं घरची भाषा अडखळे. बोलणारे पुष्कळ असूनही भाषा क्षीण होते ती अशी. १९१५ मध्यें येथें निघालेल्या सरस्वती भुवन शाळेचें मोल मला यामुळेंच अधिक वाटतें.

गंमत अशी कीं उर्दूचे कैवारी मौलवी अब्दुल हक यांनीं याच शहरांतून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार अनेक वर्षें हांकला, आणि मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयीं पुस्तकही लिहिलें. दोन भाषांचें नातें त्यांना दिसत होतें. शाळाखात्याला तें दिसलें नाहीं.

१९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, आणि पारडें फिरलें. आतां दखनी बोलणाऱ्या घरचें मूल मराठी शाळेंत बसलें कीं तीच अडचण त्याच्या वांट्यास येते. उर्दू शाळेंत गेलें तरी पुस्तकांतली उर्दू त्याच्या आजीच्या बोलीहून निराळीच असते. आणि या दोन्ही घरांचे शेजारी हल्लीं आपल्या मुलांस इंग्रजी शाळेंत धाडीत आहेत.