कटरची कुळकथा

गावोगावी ज्याला आता नुसतं ‘कटर’ म्हणतात, त्या चेन सॉबद्दल मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते: हे हत्यार मुळात बाळंतपणासाठी निघालं. सोबत एखादं अंगावर काटा आणणारं चित्र असतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोलवर घरघरणारी करवत घेऊन उभा असलेला डॉक्टर येतो. गोष्ट अगदीच खोटी नाही. निम्मी खरी आहे, आणि राहिलेली निम्मी जास्त रंजक आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, बाळ अडलं आणि पोट फाडायची वेळ आली तर आई बहुतेक गेलीच, अशी स्थिती होती. त्यावर जघनास्थींचा पुढचा सांधा कापून बाळाची वाट रुंद करायची, असा एक तोडगा निघाला होता. एडिंबरोचे जॉन एटकेन यांनी १७८५ साली आपल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात त्यासाठी एका लवचीक करवतीचं चित्र दिलं. ग्लासगोचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स जेफ्री म्हणत, की ही कल्पना आपल्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. त्यांची साखळी घड्याळातल्या बारीक साखळीच्या धर्तीवर होती, आणि त्यांचा रोख होता सडलेल्या सांध्यांवर. कड्यांना दाते, दोन टोकांना दोन मुठी. हाडाखालून ओवायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. तिला ना पट्टी, ना चाक, ना गोल फिरणं. पुढे १८९४ मध्ये लिओनार्दो जिल्यी या इटालियन डॉक्टरांनी पिळाच्या तारेची करवत केली आणि ही साखळी मागे पडली.

आजच्या कटरशी खरं रूपसाम्य आहे ते दुसऱ्याच यंत्राचं. वुर्त्सबुर्गचे बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापायला ‘ऑस्टिओटोम’ बनवलं. त्यात पट्टीभोवती अखंड फिरणारी दातेरी साखळी होती, तिला ओढणारं दातेरी चाक होतं आणि ते फिरवायला हँडल होतं. ईथरची भूल यायला अजून जवळजवळ दीड तप होतं. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या हाडावर हातोडी-छिन्नीचे घाव घालण्यापेक्षा हे यंत्र कमी हादरे देई आणि आसपासचं मांस वाचवी. यंत्र घडवणं मात्र फार कौशल्याचं आणि खर्चाचं काम होतं, त्यामुळे ते सगळीकडे पोचलं नाही. जंगलातल्या करवतीच्या जनकांनी हाइनेंचं यंत्र पाहिलं असेलही, पण तसा धागा जोडायला पुरावा लागतो. माझ्या मते ही सख्खी नाती नव्हेत. एकच युक्ती दोन घरी जन्मली, एवढंच म्हणावं.

दुसरं घर म्हणजे जंगल. कॅलिफोर्नियाच्या रेडवुडचा बुंधा कापायचा म्हणजे दोन माणसांनी लांबलचक आरा दिवसचे दिवस ओढायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांनी १९०५ मध्ये अखंड साखळीच्या करवतीचं पेटंट घेतलं ते हे महावृक्ष डोळ्यांपुढे ठेवूनच. कॅनडात जेम्स शँड यांनी १९१८ साली पेटंट घेतलं. कागदावर सगळं होतं. नव्हतं ते माणसाला उचलता येईल असं इंजिन.

इथे आंद्रेआस श्टील येतात. जन्म १८९६, झुरिकचा. स्टुटगार्टमध्ये त्यांचा धंदा बॉयलरच्या भट्टीला लागणाऱ्या उपकरणांचा होता. १९२६ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी साखळी करवत काढली. वजन ६४ किलो, धरायला दोन माणसं. जंगलात वीज कुठून आणायची, हा प्रश्न उरलाच. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. तिचं वजन ५८ किलो. श्टील यांची पेट्रोलची करवत १९२९ ची. डोंगरउतारावर, चिखलात असलं धूड दोघांनी पेलायचं, शिवाय पडत्या झाडापासून वेळेवर बाजूला व्हायचं. जुन्या लाकूडतोड्यांनी हिला नाकं मुरडली असतील तर त्यांना हसू नये. धारदार आरा आणि त्यावर बसलेला हात असलेली जोडी हिच्या फार मागे नसणार.

अडचण नुसत्या वजनाचीही नव्हती. जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असे. इंजिन आडवं केलं की पेट्रोलचा हिशेब बिघडे आणि ते बंद पडे. उभं झाड तर आडवंच कापावं लागतं. त्यासाठी इंजिन उभं ठेवून नुसती पट्टी वळवायची सोय करावी लागली, आणि त्या सोयीने वजन आणखी वाढलं. फ्लोट जाऊन पडद्याचा कार्बोरेटर आला तेव्हा हे दुखणं मिटलं. आता करवत उलटी, तिरकी, कशीही धरा, चालते. श्टीलची एकट्या माणसाने चालवायची करवत १९५० मध्ये आली. १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’ने मधला गिअरच काढून टाकला आणि वजन बारा किलोंवर आणलं. चौसष्टवरून बारा, तेही जेमतेम तेहतीस वर्षांत.

इंजिन सुधारलं तरी साखळी जुनीच राहिली असती तर हा सगळा खटाटोप वाया गेला असता. सुरुवातीच्या साखळीचे दाते हातकरवतीसारखेच होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना कानस मारायला जाणता कारागीर लागे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स हे लाकूडतोडे १९४६ च्या सुमारास सरपण फोडत होते. ओंडक्यात त्यांना लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी दिसली, बोटाएवढी जाड. ती लाकडाच्या धाग्याच्या दिशेने आणि धाग्याला आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने जात होती. कॉक्स यांनी भिंगातून तिचे जबडे पाहिले: इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे, एक डावीकडे कापणारा, एक उजवीकडे. तसाच पोलादी दाता त्यांनी बनवला. एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येकापुढे किती खोल चावायचं ते ठरवणारा एक छोटा उंचवटा. १९४७ मध्ये पोर्टलंडच्या घराच्या तळघरात हा धंदा सुरू झाला. आज जगात बहुतेक कटरवर फिरते ती याच वंशाची साखळी. कटरवाल्याला धार तपासायला भिंग लागत नाही. करवतीतून चांगली ढलपी उडाली तर साखळी ठीक, पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस काढायची.

तोडण्याचं काम सोपं झालं तसं फोडण्याचंही झालं. त्यामागे १९७३ चं तेलसंकट होतं. घर तापवायचं तेल महागलं तसे अमेरिकेतले लोक पुन्हा लाकडाच्या शेगडीकडे वळले, आणि घरगुती लाकूडफोडी यंत्रं अंगणात आली. आत असते ती पाचरच. छोटं इंजिन तेलाचा पंप फिरवतं, तेल दट्ट्याला सावकाश रेटतं आणि वीस-पंचवीस टनांच्या जोराने ओंडका पाचरीवर दाबला जातो. सरळ धाग्याचं लाकूड ती फाडते, गाठीचं चिरडते. ते पाहायला काही कुऱ्हाडीच्या घावाची मजा नाही.

वाळवण्याचं काम मात्र अजून बव्हंशी ऊन-वाऱ्याकडेच आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड चुलीत घातलं तर त्यातलं अर्धा किलो पाणी उकळून घालवायला साधारण सव्वा मेगाज्यूल उष्णता जाते, म्हणजे उरलेल्या सुक्या लाकडातून मिळणाऱ्या उष्णतेचा सातवा हिस्सा. एवढंच असतं तर चालून गेलं असतं. पण आच थंड पडते, धूर होतो, धुराड्यात डांबर साचतं आणि पुढे ते पेटतं. म्हणून ओल वीस टक्क्यांखाली आणायची. साल पाणी धरून ठेवते आणि लाकूड टोकांकडून आणि चिरल्या अंगाने वाळतं, म्हणून आखूड कापायचं आणि लगेच फोडायचं. नॉर्वेत याचं वेड इतकं, की लार्स मिटिंग यांच्या सरपणावरच्या २०११ सालच्या पुस्तकानंतर तिथल्या सरकारी वाहिनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये लाकडावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले बरेच तास नुसती शेकोटी जळत होती. तरी प्रेक्षकांनी तक्रारी केल्याच. कुणाला फाटी साल वर करून रचायला हवी होती, कुणाला साल खाली करून. कोकणातली बाई हा वाद घालत नाही. आगोटीआधी, कडक उन्हात वाळलेलं सरपण ती पडवीत किंवा माळ्यावर रचते. पावसाच्या चार महिन्यांत ओलं लाकूड काय करतं ते तिचे डोळे जाणतात.

कटर हलका झाला आणि त्याने माणसाची कंबर वाचवली, पण बोटं घेतली. तासन्‌तास हादरे बसून बोटांतलं रक्त आटतं आणि ती पांढरी पडतात. म्हणून १९६० च्या दशकात मुठी रबरावर बसवल्या गेल्या आणि १९७० च्या दशकात पट्टी उसळली की साखळी जागीच थांबवणारा ब्रेक आला. आपल्याकडे पायात स्लीपर, अंगात बनियन आणि हातात कटर हे दृश्य काही दुर्मिळ नाही. ब्रेक असतो, तो दुरुस्त ठेवायचं राहून जातं.

आणि कटरने झाडाचा वेळही घेतला. दोन माणसं, दोन कुऱ्हाडी आणि एक दिवस लागायचा तिथे आता एक माणूस, लिटरभर पेट्रोल आणि थोडं टू-टी ऑइल पुरतं. सह्याद्रीच्या उतारावरची खासगी रानं कशी पाहता पाहता उघडी होतात, याचं निम्मं उत्तर त्या बारा किलोंत आहे. फिलिपिन्सने २००२ साली कायदाच केला: चेन सॉ विकत घ्यायची, बाळगायची किंवा वापरायची तर नोंदणी हवी. महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड कायदा झाडासाठी परवानगी मागतो, हत्याराबद्दल बोलत नाही. तो झाला तेव्हा त्यात काही चूक नव्हती, कारण तेव्हा आपल्या रानात कुऱ्हाडच होती. आता मात्र बंदुकीसारखी नको, निदान मोटारसायकलसारखी तरी कटरची नोंद व्हायला हवी.