हौद्यातून मैदानात

‘झुंड’ (२०२२) आणि ‘मैदान’ (२०२४) हे अलीकडचे दोन फुटबॉलपट. एकात नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना खेळाला लावणारा, विजय बारसे यांच्यावर बेतलेला प्रशिक्षक आहे. दुसऱ्यात सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताने १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पडद्याला असा एक माणूस हवाच असतो. पण कोल्हापूरच्या फुटबॉलवर सिनेमा काढायचा तर हा माणूस सापडणार नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ साली ‘प्रभात’ ज्या गावात उभी राहिली, त्या गावाचा खेळ सिनेमाच्या साच्यात बसू नये, ही गंमतच. या खेळाला गावात रुजवले ते तालमीने.

संघांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये उतरणारी ही नावे मुळात लाल मातीची आहेत. तालीम म्हणजे जोर-बैठका मारायची जागा, एवढेच बाहेरच्याला दिसते. प्रत्यक्षात ती पेठेची बैठक असते. तिथे मारुती असतो, गणपती बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि भांडणे मिटतात तीही तिथल्याच कट्ट्यावर. वस्तादाचा शब्द कुस्तीच्या हौद्याबाहेरही चालतो. वर्गणी कशी गोळा करायची, पोरांना शिस्तीत कसे ठेवायचे, पेठेची अब्रू कशाला म्हणायचे, हे सारे तालमीला चेंडू येण्याआधीच ठाऊक होते. फुटबॉलला संघ लागतो, संघाला पैसा, जागा आणि पाठीराखे लागतात. इथे तिन्ही तयार होते. जीममध्ये फी भरून आरशासमोर घडवलेले शरीर ज्याचे त्याचे असते. तालमीत घडलेल्या शरीरावर पेठ आपला हक्क सांगते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे राजाश्रयाचे फळ. शाहू महाराजांनी मल्ल पोसले, १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. फुटबॉल तर इंग्रजांचा, शाळा-कॉलेजांतून आलेला. चेंडू बाहेरून आला, हे खरेच. पण शाळा-कॉलेजांतून तो देशभर गेला, तरी प्रत्येक शहरात पेठापेठांचे संघ उभे राहिले नाहीत. राजाश्रयाचे म्हणाल तर मार्च १९४९मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारी पोसणे संपले. त्याची झळ कुस्तीला अधिक लागणार, हे उघड होते. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. एक पैलवान पोसताना घर मेटाकुटीला येते. त्या खर्चात अख्खा संघ बूट घालून मैदानात उतरतो आणि पेठेची अकरा पोरे एकाच वेळी पेठेसाठी झुंजतात. तालमीने फुटबॉल धरला त्यामागे हा हिशेबही असावा, असे मला वाटते. मल्लाचे भारदस्त अंग नव्वद मिनिटे पळायच्या कामाचे नाही, हा आक्षेपही तितकासा टिकत नाही. तालमीने फुटबॉलला आपले डावपेच दिले, असे माझे म्हणणेच नाही. तिने पेठ दिली. अर्थात प्रॅक्टिस क्लबसारखे तालमीचे नाव न लावणारे संघही इथे नावारूपाला आले. पण त्यांनाही खेळायचे होते ते या पेठांच्याच चुरशीत. मोहन बागानने १९११ साली आयएफए शील्ड जिंकली तेव्हा समोर गोऱ्या पलटणीचा संघ होता. कोल्हापुरात समोर शेजारची पेठ असते, आणि शेजाऱ्याकडून झालेला पराभव दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावरही ऐकून घ्यावा लागतो.

या चुरशीची किंमतही मोठी आहे. हुल्लडबाजी, मैदानावरची हाणामारी, त्यापायी थांबवावे लागलेले सामने, हे इथे अधूनमधून घडत आले आहे. त्याला चार टवाळांचा उद्योग म्हणून हात झटकता येत नाहीत. जी निष्ठा वर्गणी गोळा करते तीच कधी दगडही उचलते. तरी तालमीची नावे काढून क्लबांची नावे लावा, ही सूचना मला पटत नाही. नाव गेले म्हणून ईर्ष्या जाणार नाही, मात्र पोरांना दोन शब्द सुनावणारा कट्ट्यावरचा वडीलधारा जाईल. याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. तालीम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची राहिली. हौद्यात मुलीने उतरायचे नाही, हा तिथला दंडक होता. तालमीतून आलेल्या फुटबॉलने पेठेबरोबर हा दंडकही उचलला, आणि पेठेच्या अब्रूची भाषा मुलग्यांच्याच अकरा जणांपुरती राहिली. इथे परंपरेची बाजू घ्यायला माझ्याकडे काहीही नाही. कोल्हापुरातल्या मुली आज फुटबॉल खेळतात, त्यांच्यासाठी तालमीने आपल्या वर्गणीतला वाटा आणि सरावाची वेळ काढून द्यायला हवी. मुलांच्या संघासाठी तिने हे कधीच केले आहे.