आपल्या नगरचा समुद्र

सहलीचा वृत्तान्त स्मरणिकेसाठी तुम्हीच लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी लगेच होकार दिला. तीन रात्रींच्या मुक्कामाचे ते काय लिहायचे, दोन पाने पुरतील, असे वाटले होते. पण लिहायला बसले आणि ध्यानात आले, की हा वृत्तान्त तीन रात्रींत मावणारा नाही. तो पाचशे वर्षे मागे जातो आणि थेट आपल्या भुईकोट किल्ल्याच्या दारात येऊन थांबतो.

मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला एवढेच. चांदबिबीचा धडा आला, की मुलांना भुईकोटाच्या तटाची गोष्ट रंगवून सांगत असे. पण त्या गोष्टीला समुद्राचा वारा लागलेला आहे, हे मला नोकरीतून मोकळी झाल्यावर, मंडळाच्या सहलीत कळले! म्हणून हा लेख.

आपल्या मंडळाच्या सहली आजवर कुठे गेल्या, ते सर्वांना ठाऊक आहेच. शिर्डी, नेवासे, मढी, सिद्धटेक. देवदर्शन म्हटले, की घरून कोणी हरकत घेत नाही. यंदा समुद्रावर जायचे असा विषय निघाला, तेव्हा बैठकीत बरीच चर्चा झाली. खर्चाचा प्रश्न होताच, पण खरा प्रश्न निराळा होता. ‘समुद्रावर देव कोणता?’ असे एकीच्या घरून विचारले गेले. नुसत्या मौजेसाठी बायकांनी चार दिवस घर सोडायचे, हे सांगायलाच जीभ उचलेना.

तेव्हा आपल्या थोरल्या काकू बोलल्या. त्यांचे माहेर पाथर्डीकडचे. सत्तरी उलटली आहे. जन्मभर त्यांनी घागर, हंडा, टँकर आणि आटलेली विहीर हेच पाण्याचे रूप पाहिले. त्या म्हणाल्या, “मला बाई एकदा पाणी किती असतं ते बघायचंय. मोजायचं नाही, नुसतं बघायचं.” यावर कोण काय बोलणार? ठराव एकमताने मंजूर झाला. तरी चौलच्या डोंगरावर दत्ताचे देऊळ आहे असे कळल्यावर निम्म्या जणींनी घरी ‘दत्ताला जातो’ असेच सांगितले, हेही लिहून ठेवते.

मार्गशीर्षात आम्ही अकरा जणी निघालो. आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरलो, कल्याण, पनवेल, पेण करीत अलिबागच्या पुढे चौलला पोहोचलो. चौल आणि रेवदंडा यांच्यामधल्या एका वाडीत आमची सोय होती. फाटकावर ‘बीच रिसॉर्ट’ अशी पाटी. ती पाहून आम्ही जरा बिचकलोच, की इथले थाट आपल्याला झेपतील ना! आत पाहिले तर कौलारू घर, मागे नारळी-पोफळीच्या सावलीत चार खोल्या, पडवीत जेवणाची बाके आणि अंगणात बांधलेला एक झोपाळा. वाडी संपली, की सुरूचे बन, आणि बनापलीकडे काळसर वाळूचा लांबच लांब किनारा. घड्याळाकडे पाहायचे कारण नव्हते. सकाळी चहा झाला, की समुद्र, दुपारी वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि सोलकढी, मग झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्र. पहिल्या दिवशी काही जणी सवयीने स्वयंपाकघरात डोकावल्या, तेव्हा मालकीणबाईंनी हाताला धरून बाहेर आणले. “तुम्ही घाटावरच्या पाहुण्या. चार दिवस पोळपाटाला हात लावायचा नाही.”

त्याच म्हणाल्या, “रेवदंड्याचा कोट बघून या. तुमच्या नगरकडच्या राजाचं नि फिरंग्यांचं इथं मोठं युद्ध झालं म्हणतात.” मी चमकले. नगरच्या राजाचे इथे काय काम? दुसऱ्या दिवशी आम्ही कोट पाहिला, आणि परत आल्यावर मी वाचनालयातून पुस्तके आणून जे जुळवले, ते असे आहे.

चौल हे फार जुने बंदर. ग्रीक व्यापाऱ्यांनाही ते दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी इथे उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. इथल्या बायका डोक्यावर पदर न घेता, केसांची एकच वेणी घालून हिंडतात, हे त्याने नवलाने लिहून ठेवले आहे. लोक मात्र त्याच्या गोऱ्या कातडीकडे टकमक पाहत होते! चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला. वाटेत त्याला तीन आठवड्यांच्या वर लागले. तेवढे अंतर आम्ही एका दिवसात, कुरकुरत का होईना, उलट दिशेने उतरलो होतो.

याच जुन्नरचा अधिकारी मलिक अहमद पुढे १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याने भिंगारजवळ आपले शहर वसवले. तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. त्या नव्या राज्याला समुद्राकडे उघडणारे मोठे दार म्हणजे चौल. अरबस्तानातून आणि इराणातून घोडे यायचे ते इथे. इथून कापड बाहेर जायचे. घोड्यावाचून त्या काळी राज्य चालत नसे, म्हणून घाटावरच्या राजाचा जीव या खाडीच्या मुखाशी गुंतलेला होता. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायला परवानगी दिली, तीही घोड्यांच्या व्यापाराच्या आशेनेच. मग दोन चौले झाली. वरचे चौल नगरकरांचे. खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, फिरंग्यांचे. शेजार दोन-तीन मैलांचा, आणि धुसफूस रोजची.

आता इथून चांदबिबीचे घर सुरू होते. तिचे वडील हुसेन निजामशहा १५६५ मध्ये वारले. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून आई खुंझा हुमायून हिने काही वर्षे राज्याचा कारभार पाहिला. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकले आणि सत्ता हाती घेतली. लगोलग १५७० च्या अखेरीस त्याने रेवदंड्याला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा दिला. हा अली आदिलशहा म्हणजे चांदबिबीचा नवरा. एका बाजूस भाऊ, दुसऱ्या बाजूस पती, आणि दोघेही समुद्राच्या काठी फिरंग्यांशी झुंजत आहेत! धडा शिकवताना ही गोष्ट मला ठाऊक असती, तर मी किती निराळ्या रीतीने शिकवले असते.

रेवदंड्याचा वेढा पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालला. फौज मोठी होती, तोफा होत्या, तरी कोट पडला नाही. फिरिश्ता हा इतिहासकार नगरातच वाढलेला. तो दोष आपल्याच सरदारांना देतो. पोर्तुगीजांनी त्यांना नजराणे पाठवून, विशेषतः मद्य पाठवून फितवले, असे त्याचे म्हणणे. शेवटी १५७१ मध्ये तह झाला.

दुसरा भाऊ बुऱ्हाण गादीवर आला, तोही याच किनाऱ्यावर अडकला. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. तिथे त्याने किल्ला उभारून रेवदंड्यावर तोफा रोखल्या. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी डोंगर घेतला. नगरचे फार मोठे नुकसान झाले. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, गादीवरून भांडणे लागली आणि डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद आपल्या भुईकोटापाशी येऊन ठेपला. भिंतीला खिंडार पडले असता चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण त्या खिंडाराच्या आधी कोर्लईचा डोंगर पडला होता, हे कुणी सांगितले नाही. किनाऱ्यावर भावांनी गमावलेल्या बळाची भरपाई बहिणीला तटावर उभे राहून करावी लागली, असे मला तरी वाटते. १६०० मध्ये ती मारली गेली आणि किल्ला मोगलांकडे गेला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, कोकणपट्टी विजापूरकडे गेली आणि नगरचा समुद्र सुटला. रेवदंडाही १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती आला.

आज कोटाच्या आत नारळाच्या वाड्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे चार मजले उभे आहेत. एका शाळेच्या आवारात त्या निकितिनचे स्मारक आहे. कोर्लई गावातली काही ख्रिस्ती कुटुंबे अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. तिला ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. तोफा गेल्या, राजे गेले, आणि घरातली बोली राहिली. ती कोणी राखली, हे आपल्या मंडळाला वेगळे सांगायला नको.

शेवटच्या संध्याकाळी काकूंना आम्ही दोघींनी धरून पाण्यात नेले. लाट पायांवरून परतली, की पायाखालची वाळू सरकते. त्या घाबरल्या, मग हसल्या, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी त्यांना कोर्लईचा डोंगर दाखवला आणि ही सारी हकीकत थोडक्यात सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हणजे एवढं पाणी आपलं होतं म्हणायचं! आणि मी मेली विचारत बसले, जाऊ का म्हणून.”

भगिनींनो, दत्ताच्या पायऱ्याही आम्ही चढलो, दर्शन छान झाले. पण यापुढे सहल ठरेल तेव्हा देवाला मध्ये घालू नये, अशी माझी नम्र सूचना आहे. समुद्र पाहायला जातो, असे सरळ सांगावे. घरून कोणी विचारलेच, की नगरच्या बायकांचे समुद्रावर काय काम, तर हा लेख पुढे करावा.