तारेवरची माणसे

दूर बसून काम करण्याची पद्धत मार्च २०२० च्या टाळेबंदीने आणली, असे आपण म्हणतो. घरून काम करणे नवे असेल. पण वरिष्ठ शेकडो मैलांवर, सहकारी नजरेआड आणि मध्ये फक्त एक यंत्र, अशी नोकरी खानदेशात १८६० च्या दशकातच जी.आय.पी. रेल्वेबरोबर आली होती.

चाळीसगावहून भुसावळकडे जाताना कजगाव, पाचोरा, माहेजी, म्हसावद अशी स्टेशने लागतात. धुळ्याचा फाटा चाळीसगावहून १९०० मध्ये सुरू झाला. लहान स्टेशनात गाडी निघून गेली की फलाट ओस पडे आणि सिग्नलर, म्हणजे तारबाबू, यंत्रापाशी एकटा उरे. पुढच्या स्टेशनातल्या तारबाबूचा चेहरा त्याने पाहिलेला नसला, तरी कळ दाबण्याच्या लकबीवरून तो त्याला ओळखू शके. शिवाय एकाच तारेवर अनेक स्टेशने जोडलेली असत. निरोप एकासाठी असला, तरी यंत्रे सगळीकडे कडकडत. त्यामुळे गाडी कुठे अडली, वरून कोणाला विचारणा झाली, हे सरावलेल्या कानांना आपोआप कळे.

मे १८९९ मध्ये जी.आय.पी.च्या सिग्नलरांनी संप केला. मागण्या पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी यांबद्दलच्या होत्या. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू महिनोन्‌महिने लावून धरली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारखे पुढारी मदतीला उभे राहिले. गिरणीत हजारो कामगार एका छपराखाली असत. हे लोक मात्र स्टेशनागणिक विखुरलेले. तरी त्यांची एकी झाली. त्यामागे ती सामाईक तारही असावी, असा माझा तर्क आहे.

आज जळगाव-धुळ्याची मुले पुण्यातल्या कंपन्यांचे काम घरातल्या खोलीत बसून करतात. बाहेर आई, भावंडे, शेजारी असतात. तरी कामाच्या बाबतीत ती एकटी पडल्याचे सांगतात. त्यांचे यंत्र तारेपेक्षा कितीतरी वेगवान आहे. पण त्यातला निरोप ज्याचा त्यालाच पोचतो आणि सर्वांचा म्हणून जो गट असतो, तिथे साहेबही हजर असतो. शेजारच्या टेबलावर काय चालले आहे, हे सहज कानावर पडत नाही. मग पगार कमी वाटला किंवा काम रात्री अकरापर्यंत लांबले, तर ही अडचण आपली एकट्याचीच, असे प्रत्येकाला वाटत राहते.

अंतर तेव्हाही होते. म्हणून या एकटेपणाचा विचार करताना किलोमीटर मोजण्याआधी, बरोबरीच्या माणसांना एकमेकांचे ऐकू येते का, हे पाहिले पाहिजे.