सागरी मत्स्यपेटीतील वाळू

सागरी मत्स्यपेटीतील वाळू म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीच्या तळाशी पसरला जाणारा कणमय थर होय. तो शोभेसाठी असतो, तसाच वाळूत बिळे करणाऱ्या माशांचा निवारा आणि पाणी शुद्ध करणाऱ्या जीवाणूंचे वसतिस्थानही असतो. अशा पेटीसाठी कोणती वाळू घ्यावी हे तिचे रासायनिक घटक, कणांचा आकार, स्वच्छता आणि किंमत यांवरून ठरते. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांत वाहतूक खर्चामुळे किमतीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. या लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. समुद्र समोरच असल्याने खारे पाणी आणि वाळू मिळवणे ही तेथील अडचण नव्हती. बीड शहर कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आत, बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात आहे. येथे सागरी पेटी ठेवायची तर आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ मिसळून पाणी तयार करावे लागते. मीठ, दिवे आणि पंप यांवर बराच खर्च झाल्यावर पेटीधारकाचे लक्ष वाळूकडे वळते आणि नदीची वाळू जवळ असताना पिशवीतील वाळू विकत का घ्यावी, असा प्रश्न उभा राहतो.

घटक

प्रवाळ भित्तींच्या परिसरातील पांढरी वाळू मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. तिच्यात अ‍ॅरॅगोनाइट आणि कॅल्साइट ही खनिजे आढळतात. प्रवाळांचे तुकडे, शिंपले आणि चुनायुक्त शैवले यांच्या झिजेतून ती तयार होते. बहामा बेटांच्या उथळ समुद्रात अ‍ॅरॅगोनाइटचे गोलसर, गुळगुळीत कण थेट पाण्यातून साक्यासारखे जमतात. जगभरच्या बाजारात 'अ‍ॅरॅगोनाइट वाळू' म्हणून मिळणाऱ्या मालाचा मोठा भाग याच प्रकारचा असतो.

अशी वाळू पाण्याचा सामू (पीएच) राखते, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. सागरी पेटीतील पाण्याचा सामू साधारण ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पाण्यात अ‍ॅरॅगोनाइट विरघळत नाही. थराच्या आत, जेथे जीवाणूंच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचून सामू बराच खाली येतो, तेथेच ते थोडेफार विरघळते. प्रवाळ वाढवणाऱ्या पेटीची कॅल्शियमची गरज एवढ्याने भागत नाही. त्यामुळे केवळ सामूसाठी महाग वाळू घ्यावी, हा युक्तिवाद दुबळा ठरतो. गोलसर कण, फिकट रंग आणि अपायकारक धातूंचे अल्प प्रमाण हे तिचे खरे गुण आहेत.

सिलिका किंवा क्वार्ट्झ वाळूविषयी उलट गैरसमज आहे. तिच्यातून सिलिका पाण्यात उतरते आणि पेटीवर डायाटम शैवलाचा तपकिरी थर चढतो, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात स्फटिकरूप क्वार्ट्झ पाण्यात अत्यल्प प्रमाणात आणि फार सावकाश विरघळते. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी थर येणे स्वाभाविक असते आणि तो अ‍ॅरॅगोनाइट वापरलेल्या पेटीतही येतो. तो टिकून राहिला, तर आधी शुद्ध न केलेल्या पाण्यातील सिलिकेकडे पाहावे. आरओ यंत्राची जुनी झालेली पडदी हे त्याचे नेहमीचे कारण असते.

गोदावरीची वाळू

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरी नदीने आखली आहे. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतील नदीकाठ वाळूसाठी ओळखला जातो. गोदावरीची उपनदी सिंदफणा आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा यांच्या पात्रांतही वाळू आढळते. दख्खनच्या पठारावरून वाहणाऱ्या या नद्यांची वाळू मुख्यतः बेसाल्टच्या झिजेतून आलेली असते. तिच्यात काळ्या खडकाचे कण, फेल्डस्पार, पायरॉक्सीन, कॅल्सेडोनी व अगेट, झिओलाइट आणि मॅग्नेटाइट असतात. बांधकामासाठी ती उत्तम आहे. सागरी पेटीसाठी मात्र तीन कारणांनी ती गैरसोयीची ठरते.

पहिले कारण मॅग्नेटाइट. पेटीची काच आतून पुसण्यासाठी चुंबकाची जोडी वापरतात. मॅग्नेटाइटचे कण त्या चुंबकाला चिकटतात आणि पुसताना काचेवर कायमचे ओरखडे उमटवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक कोरड्या वाळूतून फिरवला की त्यावर काळे कण किती जमतात, यावरून याचा अंदाज येतो. दुसरे कारण गाळ. काळ्या मातीचे सूक्ष्म कण स्वतःला फॉस्फेट व सेंद्रिय द्रव्य चिकटवून घेतात. नदीकाठच्या शेतांतील खते व कीटकनाशके आणि गावांचे सांडपाणी त्यांच्याबरोबर पेटीत येऊ शकते. कोळंबी आणि प्रवाळांसारखे अपृष्ठवंशी प्राणी अशा द्रव्यांना माशांपेक्षा अधिक संवेदनशील असतात आणि नुकसान प्रथम त्यांचेच होते. तिसरे कारण कणांची विषमता. बांधकामाच्या वाळूत धुळीपासून गोट्यांपर्यंत सर्व काही असते.

वाळू ओळखण्यासाठी तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकण्याची रीत प्रचलित आहे. फेस आला तर कार्बोनेट आहे, असे समजतात. गोदावरीच्या गाळात चुनखडीचे खडे मिसळलेले असतात आणि त्यांनाही फेस येतो. म्हणून चार-दोन बुडबुडे दिसले म्हणजे ती वाळू प्रवाळाची ठरत नाही. चमचाभर वाळू भरपूर व्हिनेगरमध्ये ठेवून ते अधूनमधून बदलत राहिल्यास काही दिवसांनी तळाशी काय उरते, ते पाहणे अधिक खात्रीचे असते.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्रात वाळू हे गौण खनिज आहे. तिचे उत्खनन महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ अनुसार चालते. लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरणविषयक मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात स्पष्ट केले. विनापरवाना उत्खननावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार दंड होतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये ६०० रुपये प्रतिब्रास दराने शासकीय डेपोंतून वाळू विकण्याचे धोरण आणले होते.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर. मध्यम आकाराच्या पेटीला लागणारी वाळू यातील एक टक्काही नसते. तरीही पात्रातून भरलेले घमेले कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना उत्खननच ठरू शकते. पैठणच्या जायकवाडी धरणामुळे वरच्या भागातून येणारा गाळ जलाशयात अडतो. त्यामुळे खालच्या पात्रातून उपसलेली वाळू पूर्वीच्या प्रमाणात भरून निघत नाही. वाळूचा थर गेला की नदीकाठच्या विहिरींना होणारे पाझरही घटते. वारंवार टंचाई भोगणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट छंदाच्या हिशेबापेक्षा मोठी आहे.

कोकणच्या सहलीतून वाळू आणणे हाही मार्ग नव्हे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार किनाऱ्यावरील वाळूच्या उत्खननास मनाई आहे. शिवाय रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात. भित्ती बनवणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे प्रवाळाच्या तुकड्यांचा माल देशातच गोळा केलेला असल्यास त्याची विक्री आणि खरेदी दोन्ही अडचणीत आणू शकतात. स्वस्तात मिळणाऱ्या अशा मालाचे बिल आणि आयातीची माहिती मागावी.

स्वस्त पर्याय

जलशुद्धीकरण केंद्रे आणि पोहण्याच्या तलावांच्या गाळणीत वापरली जाणारी धुतलेली, चाळलेली सिलिका वाळू हा बहुधा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसर सिलिका वाळूसाठी प्रसिद्ध आहे. गाळणीची वाळू ठरावीक आकाराची असते. ०.५ ते १ मिलिमीटरचे कण घेतल्यास ते प्रवाहाने फारसे उडत नाहीत आणि त्यांत घाणही खोल जात नाही. मात्र कण टोकदार नसल्याची खात्री बोटांनी चोळून करावी. वाळू तोंडात घेऊन चाळणारे गोबी आणि रात्री वाळूत शिरणारे रास मासे टोकदार कणांनी जखमी होतात.

कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा कार्बोनेटयुक्त, स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही उपलब्ध असतो. त्याचे चपटे, भरड तुकडे एकमेकांवर बसून त्यांच्या फटींत अन्नाचे कण साचतात. त्यामुळे संपूर्ण थरासाठी तो योग्य नाही. चाळून, धुऊन बारीक वाळूत थोडा मिसळल्यास चालतो. संगमरवराचा चुरा रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी असला तरी धारदार असतो आणि त्याची भुकटी पाणी अनेक दिवस दुधाळ ठेवते. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू बेसाल्टचीच असल्याने वर्ज्य समजावी. रंगवलेली वाळूही टाळावी.

वाळूच न घालणे हा सर्वांत स्वस्त पर्याय होय. अनेक प्रवाळ पेट्या उघड्या तळाच्या असतात. जीवाणूंना दगडांवर पुरेशी जागा मिळते.

प्रमाण आणि खोली

लांबी, रुंदी आणि थराची खोली सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागल्यास लिटर मिळतात. कोरडी सिलिका वाळू लिटरला सुमारे दीड किलो भरते. ९० × ४५ सेंटिमीटर तळाच्या पेटीत ४ सेंटिमीटर थरासाठी १६.२ लिटर, म्हणजे सुमारे २४ किलो वाळू लागते. खर्च वाचवण्याचा साधा उपाय म्हणजे थर उथळ ठेवणे.

१० सेंटिमीटरहून खोल थरात प्राणवायूविरहित भाग तयार होऊन विनायट्रीकरण होते, म्हणजे नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते. मोनॅकोतील जीवशास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून याच तत्त्वावर पेट्या चालवल्या. मात्र अशा थरात हायड्रोजन सल्फाइड साचू शकते आणि तो एकदम ढवळल्यास मासे दगावतात. नवशिक्याने ३ ते ५ सेंटिमीटरवर थांबावे.

धुणे आणि घालणे

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुतात आणि शेवटचे धुणे आरओ पाण्याने करतात. यासाठी बरेच पाणी लागते. मीठ मिसळण्यापूर्वीचे हे पाणी झाडांना घालता येते आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी पहिल्या धुण्यासाठी चालते. दगड आधी थेट काचेवर बसवून मग भोवती वाळू घालावी. दगड वाळूवर ठेवल्यास बिळे करणारे मासे खालची वाळू उपसतात आणि रचना कोसळून काच फुटते. भरलेल्या पेटीत वाळू घालायची असल्यास ती रुंद नळीतून तळाशी सोडतात. जुना थर बदलताना एका वेळी थोडाच भाग काढतात, कारण त्याच्यासोबत जीवाणूही जातात आणि अमोनिया वाढण्याचा धोका असतो.