टोमॅटोच्या काठीचा कायदा

टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून आला, हे शाळेतच कळतं. त्याला उभं धरणाऱ्या काठीचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. मला तोच जास्त रंजक वाटतो.

काकडी धागे फेकून मिळेल ते धरते आणि वर चढते. टोमॅटोला ते जमत नाही. खोड लवचीक, वर फळांचं ओझं. मोकळं सोडलं तर झाड जमिनीवर लोळतं आणि पावसाळ्यात मातीला टेकलेली फळं सडतात. म्हणून नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला टोमॅटोचं शेत दुरून मांडवासारखं दिसतं. ओळीच्या दोन्ही टोकांना जाड डांब, त्यांच्यात ताणलेली तार, मध्ये ठरावीक अंतरावर काठ्या आणि झाड तारेला बांधायला सुतळी. झाड वाढेल तशी बांधणीही वर सरकते.

काठी कोणती? सह्याद्रीच्या पट्ट्यात कारवी वापरतात. हीच कारवी कुडाच्या भिंतीत असते, आणि काही वर्षांनी एकदाच सगळा डोंगर जांभळा करते. सरळ आणि हलकी, पण बारीक. ओल्या मातीत तिचं बूड लवकर कुजतं. मी निवडायला गेलो तर बांबू घेईन, त्यातही मानवेल. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, ठोकताना फुटत नाही, आणि हंगाम संपल्यावर उपटून, वाळवून, रचून ठेवला की पुन्हा कामाला येतो. इंग्रजांच्या घोडदळाच्या भाल्यांना आणि पोलिसांच्या लाठ्यांनाही याच जातीचा बांबू लागायचा.

आता गंमत बघा. बांबू हे गवत आहे. ऊस, ज्वारी, बांबू, सगळे एकाच कुळातले. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूलाही बसवलं. एका व्याख्येने काय होतं? अनेक राज्यांत बांबू तोडायला आणि वाहून न्यायला वन खात्याचा परवाना लागायचा, अगदी स्वतःच्या बांधावर लावलेला असला तरी. त्यामुळे बांधावर बांबू लावण्याचा उत्साह कुणाला राहणार?

मोठ्या गिऱ्हाइकांचं मात्र अडत नव्हतं. माधव गाडगीळांनी लिहिलं आहे, की 1950 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत होता. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तो बाजारभावाने घ्यावा लागायचा. हा हिशोब वाचून राग येतो, आणि यायलाच हवा.

गाठ सैल झाली ती गडचिरोलीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण गावाने बांबू विकायचं ठरवलं, तेव्हा वाहतूक परवाना अडला. कागदावर बांबू गावाचा, रस्त्यावर आला की खात्याचा! शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकारच ग्रामसभेच्या हाती दिला. मेंढ्याच्या देवाजी तोफांचं नाव तेव्हा देशभर पोचलं.

पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये अध्यादेश निघाला आणि त्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला. तब्बल 90 वर्षांनी. शेतातला, परसातला बांबू त्यामुळे मोकळा झाला. जंगलातल्या बांबूला मात्र वन खात्याचे नियम राहिलेच. एकाच ओळीत ठोकलेल्या दोन काठ्यांपैकी एक बांधावरची आणि दुसरी जंगलातली असेल, तर शेतापर्यंत पोचायला दोघींना आजही वेगवेगळे कागद लागू शकतात.